विहिरीकडे परतणारे खत

नीरेकाठच्या अकलूज परिसरात उसाला ठिबकमधून विद्राव्य खते देताना वीज गेली, की पंप थांबून नळीतील दाब उतरतो आणि खतमिश्रित पाणी उलटे विहिरीत शिरू शकते. म्हणून पाण्याला एकाच दिशेने जाऊ देणारी झडप, म्हणजे ‘एनआरव्ही’, पंप आणि खत ओढून घेणारी व्हेंचुरी यांच्या मध्ये बसवतात. झडपेच्या झापडीखाली वाळूचा कण अडकला किंवा रबर झिजले, तरी पाणी मागे झिरपते. पंप बंद करून झडपेच्या पंपाकडील निचरा तोटी उघडल्यावर साचलेले पाणी ओसरूनही धार थांबत नसेल, तर झडप गळते असे समजावे. मग दाब उतरवून ती उघडावी, बैठक धुवावी, झिजलेले रबर बदलावे. परत बसवताना तिच्यावरील बाण शेताकडेच हवा. बाण उलटा बसण्याची चूक वाटते त्याहून सहज घडते.