टॅरोच्या पत्त्यांतील आडवा आठ

टॅरोचे पत्ते आज भविष्यकथनासाठी ओळखले जातात. परंतु १५ व्या शतकात उत्तर इटलीत ते निर्माण झाले, ते केवळ खेळण्यासाठी. त्यांना प्राचीन ईजिप्तचे ज्ञानभांडार ठरविले ते कूर द जेबलँ या फ्रेंच विद्वानाने, १७८१ साली, आणि तेही पुराव्यावाचून.

या पत्त्यांत एक चिन्ह फिरफिरून दृष्टीस पडते. इंग्रजी आठाचा आकडा आडवा निजवावा, तसा त्याचा आकार. जॉन वॉलिस या इंग्रज गणितज्ञाने १६५५ साली अनंतासाठी हीच खूण योजिली होती. मार्सेय पद्धतीच्या जुन्या फ्रेंच पत्त्यांत मात्र खूण नाही. आहे ती टोपी! पहिल्या पत्त्यावरील बाजारी गारुड्याच्या टोपीचे रुंद काठ आडव्या आठासारखे वळलेले आहेत, इतकेच. 'सामर्थ्य' या पत्त्यावरील स्त्रीचीही टोपी तशीच. १९ व्या शतकातील फ्रेंच गूढवाद्यांनी त्या काठांत अनंत पाहिले. पुढे १९०९ साली लंडन येथे आर्थर एडवर्ड वेट यांच्या योजनेनुसार पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने नवे पत्ते रेखाटले, तेव्हा टोपी गेली आणि चिन्ह तेवढे मस्तकावर अधांतरी राहिले. गारुडी मांत्रिक झाला: एक हात आकाशाकडे, दुसरा भूमीकडे. वेट यांच्या मते ते चिन्ह जीवनाचे व पवित्र आत्म्याचे. जणू अंत नसलेली दोरी.

अर्थ मागाहून आला, म्हणून तो पोकळ ठरत नाही. मिलानच्या सरदार घराण्यासाठी १५ व्या शतकात रंगविलेल्या एका संचात 'सामर्थ्य' म्हणजे सिंहावर सोटा उगारणारा पुरुष. स्मिथबाईंच्या चित्रात शुभ्रवस्त्रा स्त्री नुसत्या हातांनी सिंहाचा जबडा मिटविते. शस्त्र नाही, आवेश नाही, आणि मस्तकावर तोच आडवा आठ. प्रहाराचे बळ प्रहाराबरोबर सरते. न सरणारे बळ शांतीचे, हा बोध येथे सयुक्तिक दिसतो. हे चिन्ह पाहताच अपार धनलाभ सांगून दक्षिणा घेणारे या सिंहाकडे क्षणभर तरी पाहतात की नाही, कोण जाणे.

नाण्यांच्या दुरीत तर हा आकार मस्तकावरून हातांत उतरला आहे. एक तरुण नाचत दोन नाणी सांभाळतो. दोहोंभोवती तीच दोरी, आणि पाठीमागे उंच लाटांवर वरखाली होणारी गलबते. वेट यांनी या पत्त्याचा अर्थ आनंद व करमणूक असा दिला, आणि त्याच्याच शेजारी अडथळे व चिंता हेही लिहून ठेविले.