कळणे आणि वळणे : शिरानलिकेची निगा व परिचारिकेचे ज्ञान

‘कळते पण वळत नाही’ ही मराठीतील उक्ती सामान्यतः माणसाच्या दुबळ्या निश्चयाला दोष देण्यासाठी वापरली जाते. ज्ञान आणि आचार यांतील अंतर हे नेहमी मनोबलाच्याच अभावाने पडते काय, हा प्रश्न मात्र ती उक्ती विचारीत नाही. अतिदक्षता विभागात मध्यवर्ती शिरानलिका सांभाळणाऱ्या परिचारिकेचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे.

मध्यवर्ती शिरानलिका म्हणजे मानेतील, छातीच्या वरच्या भागातील किंवा जांघेतील मोठ्या शिरेवाटे हृदयाकडे जाणाऱ्या महाशिरेत नेऊन ठेवलेली नळी होय. तीव्र औषधे तिच्यातून देता येतात. परंतु त्याच वाटेने जंतूही थेट रक्तात शिरू शकतात. नळी बहुधा डॉक्टर बसवितात. दिवसरात्र सांभाळते ती परिचारिका.

या नळीच्या पूर्वेतिहासातही परिचारिका आहे. १९२९ साली जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समन या तरुण डॉक्टराने वरिष्ठांची मनाई डावलून स्वतःच्या दंडातील शिरेतून हृदयापर्यंत नळी नेली. निर्जंतुक उपकरणे गेर्डा डिट्झेन या परिचारिकेच्या ताब्यात असल्याने तिची संमती आवश्यक होती. प्रयोग आपल्यावर व्हावा असे तिने सुचविले. फोर्समनने तिला मेजाला बांधून प्रयोग स्वतःवर केला. १९५६ साली त्याला दोघा संशोधकांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. परिचारिका मात्र या कथेतील एक प्रसंग होऊन राहिली.

तिच्या ज्ञानाचे स्वरूप वरवर पाहता साधे आहे. हात धुणे, नळीचे तोंड उघडण्यापूर्वी ते जंतुनाशकाने घासून वाळू देणे, जाळीदार कापडाची पट्टी दोन दिवसांनी व पारदर्शक पट्टी सात दिवसांनी बदलणे, ओली, सुटलेली वा मळलेली पट्टी तत्काळ काढणे, आणि ‘ही नळी आजही हवी आहे काय?’ हे रोज विचारणे. तरीही २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत युरोपातील ३४०५ अतिदक्षता परिचारिकांच्या गुणांची सरासरी ४४ टक्के होती. म्हणजे ‘कळणे’ हेच गृहीत धरता येत नाही.

‘वळण्या’ची कथा निराळी आहे. अमेरिकेत पीटर प्रोनोव्होस्ट यांनी नळी बसविण्याचे नियम पाच कलमांच्या यादीत आणले : हात धुणे, संपूर्ण निर्जंतुक आवरण वापरणे, क्लोरहेक्सिडिनने त्वचा स्वच्छ करणे, शक्यतो जांघेतील शिर टाळणे आणि अनावश्यक नळी काढणे. यांत नवे ज्ञान काहीच नव्हते. नवे होते ते एवढेच की, डॉक्टरकडून पायरी चुकल्यास आणि प्रसंग तातडीचा नसल्यास परिचारिकेने त्यांना थांबवावे, असा अधिकार तिला देण्यात आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मिशिगन राज्यातील अभ्यासानुसार, १०३ विभागांत हजार नलिका-दिवसांमागे रक्तसंसर्गाचे मध्यक प्रमाण तीन महिन्यांत २.७ वरून शून्यावर आले. तुलनेसाठी स्वतंत्र गट नसल्याने सारे श्रेय यादीला देता येत नाही. तथापि यादीइतकेच महत्त्व ‘थांबा’ या शब्दाला होते, हे स्पष्ट आहे.

संहितेच्या अभ्यासकाला येथे परिचित सत्य भेटते. लिखित वचन स्वतः काही करीत नाही. ते कोण उच्चारतो, कोणाला उद्देशून उच्चारतो आणि ऐकणारा त्यास बांधील असतो काय, यावर त्याचे सामर्थ्य ठरते. भारतीय रुग्णालयांत तर नियम बहुधा इंग्रजीत लिहिलेले असतात, आणि पाळी सोपविताना होणारे बोलणे मराठी, मलयाळम, हिंदी अशा भाषांत चालते. त्या बोलण्यात ‘डॉक्टरसाहेब, थांबा’ असे निःसंकोच म्हणता येणार नसेल, तर उत्तम यादीही भिंतीवरचा कागदच ठरेल.

यास्तव परिचारिकेला कळूनही तिच्या हातून घडत नसेल, तेव्हा तिच्या निश्चयाआधी तिच्या अधिकाराची चौकशी व्हावी. कळलेले वळण्यासाठी बोलण्याची मुभाही लागते. आणि येथे त्या मुभेवर रुग्णाचा प्राण अवलंबून असतो.