रूपकाच्या कानानें एक विलायती तबकडी

नागपुरांतील महालांत ख्याल व नाट्यगीतें ऐकून ज्याचा कान तयार झाला आहे, त्यानें पिंक फ्लॉइड या इंग्रज वादकसंघाची 'द डार्क साइड ऑफ द मून' ही तबकडी प्रथमच लावली, तर तिला गोंगाट म्हणण्याची घाई करूं नये. १९७३ सालीं निघालेली ही तबकडी सुमारें ४३ मिनिटांची. एक गाणें दुसऱ्यांत मिसळतें. आरंभींचे हृदयाचे ठोके शेवटीं पुन्हां ऐकूं येतात.

दुसरी बाजू 'मनी' या गाण्यानें सुरू होते. नाणीं व गल्ला यांच्या खणखणाटाचे तुकडे जोडून तेथें आवर्तन बांधलें आहे. हातावर मोजून पाहावें: मात्रा सात भरतात! रूपकांतही सातच; मात्र रूपकाची सम खालीच्या मात्रेवर येते, तशी खाली येथें नाहीं. सॅक्सोफोन सातांतच वाजतो. गिटार सुरू होतांच चाल चार मात्रांची होते आणि गाणें परततांना पुन्हां सात. हा पालट ज्यास कळला, त्यास रचना सांपडली.

हल्लीं फोनवर एखादेंच गाणें निवडून ऐकतात. आलाप सोडून केवळ द्रुत ऐकावें, तसेंच तें. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्यें शिवकुमार शर्मा, ब्रिजभूषण काबरा व हरिप्रसाद चौरसिया यांनीं मेंढपाळाचा एक दिवस अहीरभैरवापासून रागक्रमानें मांडला. तेथें क्रम मोडला कीं दिवसच मोडतो.

म्हणून प्रथम श्रवण अखंड करावें. बाजू उलटण्यापुरतेंच उठावें. शेवटचे ठोके विरत जातात, त्यासाठीं कूलर बंद ठेवावा. नागपूरच्या उन्हाळ्यांत हें जड आहे खरें.