पोर्ट आयझॅक : पडद्यामागचे बंदर

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा जो परगणा अटलांटिक महासागरात दूरवर घुसला आहे, त्याच्या उत्तर किनाऱ्यावर, दोन कड्यांच्या बेचक्यात, पोर्ट आयझॅक हे कोळ्यांचे लहानसे गाव वसलेले आहे. मासळी आणि पाटीचा दगड यांपलीकडे ज्याचा लौकिक शतकानुशतके गेला नव्हता, त्या गावाचे नाव आज देशोदेशी पोहोचले आहे, ते ‘डॉक मार्टिन’ या दूरचित्रवाणी मालिकेमुळे. आयटीव्ही वाहिनीवर २००४ साली आरंभ झालेल्या या मालिकेची सांगता दहा पर्वांनंतर २०२२ च्या नाताळात झाली. रक्त पाहताच ज्याच्या जिवाची घालमेल होऊ लागते, असा लंडनचा एक निष्णात शल्यविशारद आपले मानाचे पद सोडून ‘पोर्टवेन’ नावाच्या काल्पनिक खेड्यात साधा डॉक्टर म्हणून येतो आणि तेथील मोकळ्याढाकळ्या माणसांशी त्याच्या करड्या स्वभावाचा पदोपदी खटका उडतो, एवढेच तिचे कथाबीज. मार्टिन क्लून्स यांनी तो डॉक्टर रंगवला आणि पोर्ट आयझॅकने ते खेडे.

गावाच्या माथ्यावरील वाहनतळापासून उतार धरून खाली आले, की मालिका पाहिलेल्या माणसाला एकेक खूण पटू लागते. बंदराच्या पलीकडच्या चढावर डॉक्टरांच्या दवाखान्याचे दगडी घर उभे आहे; मात्र तेथे चित्रित होत असे ते केवळ बाह्यदृश्य, आणि दवाखान्याच्या आतील प्रसंग गावाजवळच्या एका शेतावरील कोठारात मांडणी करून टिपले जात. मालिकेतील औषधाचे दुकान वास्तविक मिठाईचे दुकान आहे, आणि पडद्यावरची शाळा म्हणजे जुन्या शाळेच्या इमारतीत थाटलेले हॉटेल. या साऱ्या खुणा पटवून परत फिरणे सहज शक्य आहे, आणि पुष्कळ प्रवासी तसेच करतात. परंतु कॅमेऱ्याला भुरळ घालणारे हे रूप या गावाला कोठून प्राप्त झाले, हा प्रश्न ज्याच्या मनात उठतो, त्याचीच पोर्ट आयझॅकशी खरी ओळख होते.

येथे पहिला धक्का बांधला गेला तो आठव्या हेन्रीच्या अमदानीत, म्हणजे सोळाव्या शतकात. गावाचे जुने वैभव पिलचर्ड माशाचे. हा मासा आपल्या तारलीच्याच कुळातला. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर या माशांचे थवे येत, तेव्हा पुरुष जाळ्यांनी ते वेढून आणीत आणि तळघरांतून स्त्रिया मासळी व मीठ यांचे थरावर थर रचीत. मग ती पिंपांत भरून दगडांच्या भाराखाली दाबली जाई, निथळलेले तेल दिव्यांना उपयोगी पडे आणि पिंपे गलबतांवर चढून इटलीपर्यंत जात, कारण तेथील कॅथलिक लोकांना उपवासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असले तरी मासळी चालत असे. दुसरा व्यापार डेलाबोल येथील खाणीच्या पाटीदगडाचा. तो गाड्यांतून उतरून येई आणि शेजारच्या पोर्ट गेव्हर्नच्या पुळणीवर स्त्रियाच तो जहाजांच्या पोटात रचून देत. अटलांटिकच्या पावसापासून बचाव व्हावा म्हणून येथील कित्येक घरांच्या भिंतींना खवल्यांसारख्या ज्या काळ्या-करड्या पाट्या ठोकलेल्या दिसतात, तो हाच दगड.

१८९३ साली रेल्वे डेलाबोलपर्यंत आली आणि दगडाची वाहतूक बंदरापासून तुटली. पुढे पिलचर्डचाही काळ सरला. ज्या गावात नवा पैसा आला नाही, तेथे रस्ते रुंद करण्याचे कारण उरले नाही, जुनी घरे पाडून मोठी बांधण्याचेही उरले नाही. पडद्यावर जी नयनमनोहर पुरातनता दिसते, तिच्यामागे अशी ओसरलेल्या व्यापाराची आणि काटकसरीच्या संसारांची कहाणी आहे. येथील एक बोळ जेमतेम दीड फूट रुंद असून, अंग चोरून जावे लागते म्हणून लोकांनी त्याला ‘स्क्वीझी बेली’ असे नाव दिले आहे. १८६९ साली गावात जीवरक्षक नौकेचे ठाणे स्थापन झाले, तेव्हा वादळाची वर्दी येताच ती जड नौका गाड्यावर घालून, घरांच्या भिंती चुकवीत, अरुंद उतारावरून पाण्यापर्यंत न्यावी लागे. ज्या वळणावर आज प्रवासी हौसेने छायाचित्र घेतात, तेथून गावचे तरुण परक्या जहाजांवरील माणसांना वाचवण्यासाठी धावत गेले आहेत. १९३३ साली बंद झालेले हे ठाणे १९६७ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि आजही कार्यरत आहे.

मासेमारीही थांबलेली नाही. खेकडे आणि शेवंड यांच्यावर तिचा भर आहे. ओहोटीला बंदरातले पाणी पार हटते आणि होड्या वाळूवर टेकतात. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर सहा-सात मीटरपर्यंत जाते, म्हणून वेळापत्रक न पाहता खालच्या पुळणीवर उभ्या केलेल्या मोटारी पाण्यात सापडल्याचे प्रकार घडतात. पिंजऱ्यात आलेली प्रत्येक शेवंड मापाने तपासली जाते, लहान भरली तर समुद्रात परत जाते, आणि पोटाखाली अंडी धरलेली मादी किनाऱ्यावर आणण्यास २०१७ पासून इंग्लंडमध्ये कायद्याने मनाई आहे. शेजारच्या पॅडस्टो गावी तर शेवंडीची पिल्ले वाढवून समुद्रात सोडणारी संस्थाच आहे. उद्याच्या समुद्राची ही चिंता पाहणे, कोणत्याही चित्रीकरणस्थळापेक्षा मला अधिक मोलाचे वाटते.

मालिकेने गावाला दिले ते पुष्कळ: दुकाने आणि खाणावळी चालल्या, घरोघर रोजगार आला. येथल्याच मित्रमंडळींचा ‘फिशरमन्स फ्रेंड्स’ हा गायकसंघ बंदराकाठी खलाशांची गाणी म्हणत असे. २०१० साली एका मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीशी त्याचा करार झाला आणि २०१९ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. परंतु कीर्तीबरोबर घरांच्या किमतीही चढतात. सुटीपुरते उघडणारे दुसरे घर घेण्याची श्रीमंतांची हौस कॉर्नवॉलमध्ये या मालिकेहून जुनी आहे. तिच्यापायी कोळ्याच्या मुलाला आपल्या गावात बिऱ्हाड करणे दुरापास्त व्हावे, ही गोष्ट कोणाही विचारी माणसाला क्लेश देणारी आहे. एप्रिल २०२५ पासून तेथील कौन्सिलने अशा घरांवरील स्थानिक कर दुप्पट केला आहे. तेवढ्याने प्रश्न सुटेल असे नाही, पण गावावर पहिला हक्क राहणाऱ्यांचा, हे तत्त्व तरी त्यात मान्य झाले आहे.

हा विचार आपल्यापासून दूरचा नाही. ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेतला वाडा पाहण्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील आकेरी गावी माणसांची रीघ लागली, ती आपण पाहिली आहे. कोकणातील गावे यापुढेही पडद्यावर येतील, आणि यावीत. आपण मात्र तेथे जाताना यजमानाच्या घरी जावे तसे जावे: गाडी वर ठेवून पायी उतरावे, कोणाच्या उंबऱ्याआड कॅमेरा रोखू नये, धक्क्यावर जाळी आणि होड्या यांची वाट अडवू नये, चार पैसे तेथल्याच माणसाच्या हाती पडतील असे पाहावे, आणि मालिकेची चौकशी करण्याआधी आज मासळी कशी लागली, हे विचारावे.