वर्गात व्यसनाचा विषय काढावा की नाही?

पालकसभेत हमखास ऐकू येतं: "शाळेत दारू-गांजाचं नाव काढलं, की मुलांना नको ते सुचतं." काळजी खरी, समज चुकीचा. विषय मुलांपर्यंत आधीच पोचलेला असतो. २०१९च्या जागतिक युवा तंबाखू सर्वेक्षणात भारतातले १३ ते १५ वर्षांचे साडेआठ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. बिनधुराची तंबाखू कधी ना कधी चाखलेल्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी ती वयाच्या दहाव्या वर्षाआधीच तोंडात टाकली होती. म्हणजे चौथी-पाचवीच्या आतच. आठवीत व्याख्यान ठेवून आपण "वेळेवर" बोललो असं मानणाऱ्यांनी हा आकडा पाहावा.

साडेआठ टक्क्यांच्या आकड्याची दुसरी बाजू मुलांना आवर्जून सांगायला हवी. शंभरातली एक्याण्णव मुलं तंबाखू वापरत नव्हती. "सगळेच खातात रे" हा दबाव मुळात खोट्यावर उभा असतो.

दुसरा समज जास्त खोलवर रुजलेला आहे: सडलेल्या तोंडाची चित्रं दाखवली, साहेबांचं भाषण झालं, की काम फत्ते. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये 'डेअर' कार्यक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गावर येऊन धडे देत. तो देशभर पसरला, पण पुढच्या अभ्यासांत हे धडे घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांच्या व्यसनात नगण्य फरक दिसला. व्यसन प्रतिबंधाचे आंतरराष्ट्रीय निकष संयुक्त राष्ट्रांनी २०१३ साली काढले. नुसती माहिती, भीती, पोलिसांचे तास, व्यसनातून सुटलेल्यांची आत्मकथनं, यांतून फारसं साधत नाही, हेच त्यांत आहे. रोज गुटखा खाणारा काका धडधाकट हिंडताना दिसतो. मग भीती दाखवणाऱ्याचं बाकीचं बोलणंही मुलाला खोटं वाटू लागतं.

उपयोग होतो तो मुलांना बोलतं करण्याचा. निनावी चिठ्ठ्या मागवा. "आजी मशेरी लावते, ते व्यसन का?" असं कुणी विचारेल. हो, मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि हे आजीला कमी न लेखता सांगता येतं. "बाबा पिऊन आले की मी कुठे जाऊ?" अशीही चिठ्ठी निघू शकते. म्हणून चिठ्ठ्या शिक्षकांनी आधी एकट्याने वाचाव्यात, वर्गात मोठ्याने वाचू नयेत. कुणालाही घरचं चारचौघांत सांगायला लावू नये. मग सराव घ्या: मित्र पुडी पुढे करून म्हणतोय, "एकदा खाऊन तर बघ!" उत्तर मुलांनीच शोधावं. "नको, उद्या मॅच आहे" हे त्यांना सुचलेलं वाक्य फलकावरच्या घोषणेपेक्षा जास्त कामाला येतं.

"आमच्या शाळेत ड्रग्ज नाहीत," असंही अनेकजण छातीठोकपणे सांगतात. पण पंक्चरचं सोल्यूशन, थिनर, व्हाइटनर दुकानात सहज मिळतं. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे पदार्थ हुंगणाऱ्यांचं प्रमाण मोठ्यांत ०.५८ टक्के, तर १० ते १७ वयोगटात १.१७ टक्के निघालं. मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आढळलेली ही एकच नशा. पहिल्याच खेपेला हृदय बंद पडून मूल दगावू शकतं. धोका स्पष्ट सांगावा. कसं करतात त्याचं वर्णन मात्र टाळावं.

राहता राहिला व्यसन करताना सापडलेल्या मुलाच्या हातात शाळेचा दाखला देण्याचा प्रश्न. बाल न्याय कायद्याच्या (२०१५) कलम ७७ नुसार, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायलाही बंदी आहे. म्हणजे जाब विचारायचा तो टपरीवाल्याला. शाळेशी असलेली नाळ मुलाला व्यसनापासून जपते, म्हणून सापडलेल्या मुलाला काढून टाकणं सर्वांत घातक. त्याला शाळेत ठेवून पालकांना विश्वासात घ्यावं, आणि १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर किंवा जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात सल्ला घ्यावा. घरातच धोका असेल, तर मुलांसाठी १०९८ आहे. हा नंबर वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या नजरेला पडेल इतक्या उंचीवर लिहावा.