नेमून दिलेला पैसा : तंजावरचा धडा

तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावरील शिलालेख म्हणजे दगडात कोरलेली खातेवहीच होय. इ. स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या या मंदिराला सम्राट राजराज चोळ व त्याची भगिनी कुंदवै यांनी दिलेली रोकड तिजोरीत पडून राहिली नाही. ती ग्रामसभांकडे व्याजाने ठेवण्यात आली. दर काशु नाण्यामागे वर्षाला एक-अष्टमांश काशु, म्हणजे शेकडा साडेबारा, असा दर ठरला. मुद्दल कोणाकडे, व्याज किती आणि ते कोणत्या कामी लावायचे, या तिन्ही गोष्टी लेखांत नोंदल्या गेल्या.

पुढे भोसले राजांच्या काळात रामेश्वरच्या वाटेवर अन्नछत्रे उभी राहिली. त्यांच्या खर्चासाठी गावांचे उत्पन्न लावून दिलेले होते. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि हे उत्पन्नही सामान्य महसुलात विरून जाईल, अशी धास्ती निर्माण झाली. १८०१ मध्ये दुसऱ्या सरफोजी राजांनी कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहून छत्रांचे काम सविस्तर मांडले : सर्व जातींच्या वाटसरूंना अन्न, आजाऱ्यांना औषधोपचार, अनाथ मुलांना शिक्षण. छत्रे आपल्याकडेच राहावीत, अशी त्यांची कळकळीची विनंती होती. छत्रांचा कारभार राजांकडे राहिला. १८०२ च्या सुमारास ओरत्तनाडू येथे मुक्तांबाळ छत्र उभे राहिले व तेथे शाळाही चालली.

राज्य सरकारांपुढे आजही हाच प्रश्न आहे. अंदाजपत्रक एका वर्षाचे असते. धरण, पूल वा रस्ता पुरा व्हायला अनेक वर्षे लागतात. म्हणून विशिष्ट कामांसाठी राखीव निधी निर्माण केले जातात. विधिमंडळाच्या मंजुरीने एकत्रित निधीतून रक्कम काढून ती लोकलेख्यातील स्वतंत्र शीर्षाखाली जमा होते. खर्च करतानाही विधिमंडळाची मंजुरी लागते आणि हिशेबांची तपासणी नियंत्रक व महालेखापरीक्षक करतात. मात्र येथे एक मेख आहे. निधीची शिल्लक वेगळी गुंतवली नाही, तर ती सरकारच्या सर्वसाधारण रोख शिलकीतच मिसळून राहते. वहीत आकडा दिसतो; परंतु तोच पैसा दैनंदिन गरजांसाठी वापरला गेलेला असू शकतो.

या बाबतीत ग्रामीण पायाभूत विकास निधीची रचना लक्षणीय आहे. १९९५-९६ मध्ये २,००० कोटी रुपयांनिशी तो नाबार्डकडे सुरू झाला. अग्रक्रम क्षेत्रातील कर्जवाटपाचे उद्दिष्ट गाठू न शकलेल्या बँका त्यात रक्कम भरतात. सिंचन, ग्रामीण रस्ते, पूल अशा कामांसाठी राज्यांना त्यातून प्रकल्पवार कर्ज मंजूर होते. प्रारंभीची उचल वगळता, राज्याने काम करून खर्च दाखवल्यावरच रक्कम मिळते. परतफेडीची मुदत दोन वर्षांच्या सवलतीसह सात वर्षांची असते. अशा रीतीने सर्वसामान्य ठेवीदाराची बचतही दूरच्या एखाद्या गावाच्या पुलापर्यंत पोहोचते.

हेतू, हिशेब आणि खरी गुंतवणूक या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तरच राखीव निधी राखीव राहतो. तंजावरच्या लेखांत त्या तिन्ही होत्या. म्हणूनच हजार वर्षांनंतरही तो पैसा कोणाचा आणि कशासाठी होता, हे कोणालाही वाचता येते.