श्रेणी एकपाशीच का अडते?

१/(१+क्ष²) हे फल दिसायला अगदी सोज्वळ. आलेख काढलात तर शून्यापाशी एक बुटकी टेकडी आणि दोन्हीकडे उतार. कुठे तुटलेलं नाही, कुठे टोक नाही. याचीच अनंत श्रेणी म्हणजे १ − क्ष² + क्ष⁴ − क्ष⁶ + … क्ष = ०.५ घेतला, तर पहिल्या चारच पदांची बेरीज ०.७९६९ येते, खरं उत्तर ०.८. क्ष = २ घेतला की मात्र चार पदांत −५१, आणि खरं उत्तर ०.२! जितकी पदं वाढवाल तितकी बेरीज जास्त भरकटते. हद्द आहे बरोबर १ ची. पण १ पाशी फलाला तर काहीच झालेलं नाही.

गुन्हेगार या रेषेवर नाहीच. संमिश्र संख्यांच्या प्रतलात शून्याच्या एक एकक वर √(−१) आहे. तिचा वर्ग −१, म्हणजे छेद शून्य. तितक्याच अंतरावर खाली तिची जोडीदार. शून्याभोवती वर्तुळ फुगवत न्या. या दोन बिंदूंना ते टेकलं की श्रेणीचं राज्य संपलं. पटत नसेल तर केंद्र १ वर हलवून पाहा. तिथून त्या बिंदूंचं अंतर, पायथागोरसच्या कृपेने, √२. आणि नवी श्रेणी खरोखरच जवळपास २.४१४ पर्यंत चालते.

हे नुसतं या एका फलाचं नशीब नव्हे. १८३० च्या क्रांतीनंतर फ्रान्स सोडून गेलेल्या गणितज्ञ कोशीने १८३१ मध्ये तुरीनला मांडलेल्या निबंधात या विचाराचा पाया आहे. संमिश्र फलाचं वर्तुळात सगळीकडे एकदा विकलन होत असेल, तर ते कितीही वेळा होतं, आणि त्याची श्रेणी त्या वर्तुळात अचूक चालते. एकदाच्या अटीत एवढं पदरात पडावं, हे मला अजूनही फुकटचं वाटतं. कारण वास्तव संख्यांत हे साफ खोटं आहे, आणि त्याचं उदाहरणही कोशीनेच दिलं होतं.

सुरुवातीच्या श्रेणीचं पदश: संकलन करून क्ष = १ ठेवला, की केरळच्या गणितज्ञ माधवाची चौदाव्या शतकातली π/४ = १ − १/३ + १/५ − … मिळते. सुंदर, पण कमालीची संथ: शंभर पदांनंतरही π ३.१३१६ च्या आसपासच! साहजिक आहे, १ हा बिंदू नेमका वर्तुळाच्या काठावर बसलाय. केरळच्या गणितींनी क्ष साठी १/√३ हीही किंमत वापरली होती. ती काठापासून चांगली आत आहे, आणि तिथे दहाच पदांत π चे पहिले पाच दशांश बरोबर येतात.